मामाचा गळा आणि माझं पोट

चंद्रपूर, मुलींचं वसतिगृह
९ सप्टेंबर २०२४

मामाजी, जय भीम.

काल आईला फोन केला तेव्हा कळलं की तुमचा आवाज गेला. मी म्हटलं, "गेला कसा? बसला असेल." आई म्हणाली, "बसला असता तर एव्हाना उठला असता. पंधरा दिवस झाले."

मग तुम्हालाच फोन लावला. तुम्ही उचललात, आणि पलीकडून सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखं काहीतरी यायला लागलं. मी "मामाजी, मामाजी" करतेय, तुम्ही फुस्स फुस्स करताय. शेवटी कमलामामीनं फोन घेतला आणि म्हणाली, "ते म्हणतात, बरा आहे." एवढ्या फुस्समधून तिला नेमकं कळलं, यालाच संसार म्हणत असावेत. मेसेज लिहिणं तुम्हाला जमत नाही म्हणे, काचेवर बोट घसरतं. पण नाटकाच्या नकला उतरवून तुमचं अक्षर चांगलं झालंय, तेव्हा आता पत्रच.

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे हे विसरू नका. आमचा नुकताच ऊतींचा धडा झाला. एका कामाच्या पेशी एकत्र राहायला लागल्या की ऊती तयार होते. म्हणजे पेशी हा एकटा माणूस, आणि ऊती हा त्याचा मोहल्ला. माणसाच्या अंगात असे चारच मोहल्ले: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. तुमच्या गळ्यात चारही आहेत. त्यातल्या कुठे भांडण लागलंय ते शोधायचं. गिळताना दुखतं का? ताप येतो का? तंबाखूचा खर्रा सुटला का? खरं लिहा. आवाज इतके दिवस बसून राहिला तर दुर्बिणीतून गळा बघायलाच हवा, असं आमच्या मॅडम म्हणतात. चंद्रपूरला या. मी सोबत येते.

दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या नाटकांचा सीझन सुरू होणार. अठरा वर्षं स्टेजवर तुम्ही नवरा आणि सोनीबाई बायको. लहानपणी मला खरंच वाटायचं की मामानं दोन बायका केल्यात, एक मुलचेऱ्याची आणि एक पडद्याआडची. तुमच्या भांडणाशिवाय लोक नाटक पुढे जाऊ देतील का? म्हणून लवकर या.

तुमची भाची,
रश्मी

ता. क. मी मजेत. मेसचं जेवण जरा पोटाला मानवत नाही, बाकी काही नाही.

---

मुलचेरा
१४ सप्टेंबर २०२४

चि. रश्मीस मुक्या मामाचा जय भीम.

तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं. मला त्याला "मेहरबानी" म्हणायचं होतं, तर तोंडातून नुसता वारा निघाला. तो म्हणाला, "हो ना भाऊ, लयच उकडून राह्यलं."

इथे अख्खं गाव डॉक्टर झालं आहे. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, शेजारच्या बंगाली काकूंनी तालमिश्री म्हणजे ताडाची खडीसाखर दिली. ती औषध म्हणून निरुपयोगी आहे, पण गोड आहे, म्हणून मी अजून बरा झालो नाही असं त्यांना खुणेनं सांगत असतो. सोनीबाईनं सिंदेवाहीवरून मोहाच्या फुलावरचा मध पाठवला आहे.

किराणा दुकानात मी जिरे मागायला गेलो. हातानं केलं, बारीक बारीक, आणि मग फोडणीचा तडतडाट दाखवला. दुकानदारानं उवा मारायचं औषध काढून दिलं. इतकी वर्षं स्टेजवर घालवली, आणि जिऱ्याचा अभिनय येत नाही.

तुझी मामी मात्र खुलली आहे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिची वाक्यं पूर्ण होत आहेत.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. गिळताना दुखत नाही. ताप नाही. खर्रा बंद आहे. (मामी खांद्यावरून वाचून राहिली आहे. खरं उत्तर भेटीत.) आणि कारण शोधायची गरज नाही, कारण मला ते माहीत आहे. ऑगस्टच्या शेवटी मी घुग्घुसला मामीच्या भावाकडे, पोचूकडे गेलो होतो. तिथे कोळशाची धूळ, सिमेंटची धूळ, ट्रकांची धूळ. एक दिवस राहिलो आणि तिन्ही गिळून आलो. सकाळी उठलो तर आवाज नाही. आता मोहल्ले-बिहल्ले सोड.

तरी तुझं मन राखायला येतो. सत्तावीसला सकाळच्या गाडीनं.

तुझा,
खुशालमामा

---

चंद्रपूर
२९ सप्टेंबर २०२४

मामाजी, जय भीम, आणि राग उतरला असेल तर पुढे वाचा.

"गळ्यात काही दोष नाही" हे ऐकून लोक पेढे वाटतात. तुम्ही डॉक्टरांकडे असं पाहिलंत की जणू त्यांनी तुमच्यावर कोंबडीचोरीचा आळ घेतला. केबिनमधून निघालात ते थेट बसस्टँडवर, आणि मी मागे धावतेय.

तुम्ही ऐकून न घेतलेलं सांगते. नाकातून नळी घातली तेव्हा पडद्यावर तुमच्या दोन स्वरपट्ट्या दिसल्या, पांढऱ्याशुभ्र. वरचं अस्तर म्हणजे अभिस्तर ऊती, ते गुळगुळीत. गाठ नाही, जखम नाही. त्याखाली संयोजी ऊतीचा मऊ थर, तो ठीक. आत स्नायू, तो ठीक. त्याला हुकूम पोचवणारी चेता, तीही ठीक. पण डॉक्टरांनी "आ म्हणा" म्हटलं की भोवतालचे स्नायू आवळून बसतात, आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींजवळ येतच नाहीत. मधून वारा जातो. मग ते म्हणाले, "खोका." तुम्ही खोकलात ते बाहेरच्या बाकावरचं बाळ जागं झालं. खोकताना पट्ट्या छान जुळल्या. म्हणजे जुळता येतं त्यांना.

आणि बसस्टँडवर मी कानांनी ऐकलं. शेळीनं कंडक्टरच्या काखेतलं वर्तमानपत्र ओढून खाल्लं तेव्हा तुम्ही "हॅ हॅ हॅ" करून हसलात. भरपूर आवाजात! दोन माणसं वळून म्हणाली, "अबे, हे तं खुशाल दुर्गे!" त्यांनी तुम्हाला हसण्यावरून ओळखलं. ते बोलायला आले, आणि तुम्ही पुन्हा फुस्स.

डॉक्टरांनी "सोंग" हा शब्द एकदाही वापरला नाही. ते म्हणाले की मनात काही कोंडलं की त्याचा ताण चेतेतून स्नायूंपर्यंत जातो. कोणाची पाठ धरते, कोणाचं डोकं दुखतं, तुमचा गळा आवळला. हे कोणी ठरवून करत नाही, आणि हे खरं दुखणं आहे. म्हणून दोन चिठ्ठ्या दिल्या, एक आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंची आणि एक मनाच्या डॉक्टरांची. त्यातली दुसरी तुम्ही शेळीसमोर धरलीत ते मी पाहिलं.

आता माझा प्रश्न. तुम्हाला गाडीत बसवल्यावर पोचूमामा भेटले. मी म्हटलं, तुमच्या घुग्घुसच्या धुळीनं आमच्या मामाचा गळा खाल्ला. ते म्हणाले, "भाऊजी होळीपासून आमच्याकडे आलेच कुठी?"

मग ऑगस्टमध्ये तुम्ही कुठे गेला होतात? आणि आवाज गेला त्या सकाळी कोणाशी बोलायचं होतं?

रश्मी

ता. क. मेसची डाळ अजून तशीच. तीन दिवस वरणाकडे बघूनच पोटात कालवतं.

---

मुलचेरा
५ ऑक्टोबर २०२४

चि. रश्मीस,

तू नर्सिंग शिकून राहिली आहेस की ठाणेदारीचा कोर्स करून राहिली आहेस?

पोचूची स्मरणशक्ती धुळीनं गेलेली आहे. त्याच्या बोलण्यावर जाऊ नको. आणि मनाच्या डॉक्टरकडे मी कशाला जाऊ? मुलचेऱ्यातून चंद्रपूरला मनाच्या डॉक्टरकडे माणूस गेला तर तो परत यायच्या आत गावात त्याच्या नावानं चार गोष्टी तयार असतात. गळा बंद आहे, डोकं चालू आहे.

बाकी तुझे चार मोहल्ले मी पाठ केले. मला ते आमच्या नाटक कंपनीसारखे वाटतात. अभिस्तर म्हणजे मंडपाचं कापड आणि दारावरचा माणूस, आत काय येऊ द्यायचं आणि बाहेर काय जाऊ द्यायचं ते त्याच्या हाती. संयोजी म्हणजे बांबू, दोर आणि खुंट्या, त्याकडे कोणी पाहत नाही, पण सुटला की सगळं डोक्यावर. स्नायू म्हणजे आम्ही नट. आणि चेता म्हणजे पडद्यामागून वाक्य सांगणारा. माझ्या कंपनीत तो वाक्य सांगतो आहे आणि नट ऐकत नाही, एवढंच तुझ्या डॉक्टरचं म्हणणं ना? मग नटाला दोन चापटा मारा. मनाला मध्ये आणू नका.

आता मी तुला विचारतो. दोन पत्रं झाली, दोन्ही वेळा खाली मेस आली. तुझी आई म्हणते की सुट्टीत घरी आलीस तेव्हाही जेवली नाहीस, आणि तिथे काही मेसची डाळ नव्हती. रश्मे, पडदा उघडायच्या आधी पोटात जे होतं ते मी डाळीवर ढकलत आलेलो माणूस आहे. माझ्या पहिल्या सीझनला मी कंपनीच्या मालकाला, धनराजभाऊला सांगायचो, वांगी बाधली. वांगी त्या गावात नव्हतीच.

तुला कोण बाधून राहिलं आहे?

खुशालमामा

---

चंद्रपूर
१५ ऑक्टोबर २०२४

मामाजी,

तुमच्यावर असा राग आला की दोन दिवस पत्र कपाटात टाकून ठेवलं. मग माझी रूममेट दिव्यानी म्हणाली, "खरं आहे म्हणून राग आला."

सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आमची शरीररचनेची तोंडी परीक्षा झाली. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, ऊतींचे प्रकार सांग. नंतर तुम्हाला पत्रात मी ते किती ऐटीत लिहिले! तिथे उभी राहिले आणि तळहात ओले झाले, जीभ टाळूला चिकटली, पोटात कोणीतरी ओला टॉवेल पिळत होतं. "स्नायू" एवढं बोलले. मॅडम म्हणाल्या, "आणि?" मी म्हटलं, "स्नायू." त्या म्हणाल्या, "तो झाला. आणि?" मी पुन्हा स्नायूच सांगितला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग मी रडले.

नापास. सहा नोव्हेंबरला पुन्हा आहे. आईला सांगितलं नाही, ती अख्ख्या वाड्यात "माही पोरगी नर्स होऊन राह्यली" सांगत फिरते. तेव्हापासून सकाळी वर्गाची घंटा वाजली की पोट ढवळतं. पुस्तकात कारण सापडलं. आतड्याच्या भिंतीतही स्नायू ऊती आहे आणि चेतेचं दाट जाळं आहे, ते थेट मेंदूशी बोलत असतं. कारण कळलं म्हणून ढवळणं थांबलं नाही, हेही खरं.

हे माझं झालं. आता तुमचं सांगा. नाहीतर मी मामीला तुमच्या खर्ऱ्याची जागा सांगेन. ती मला भेटीत कळलेली आहे.

रश्मी

---

मुलचेरा
२१ ऑक्टोबर २०२४

रश्मी बाळा,

तू रडलीस हे वाचून मीही जरा डोळे पुसले. मामीला म्हटलं (म्हणजे हातानं दाखवलं), कांदा.

मी घुग्घुसला गेलो नव्हतो. वडसाला गेलो होतो. धनराजभाऊनं बोलावलं होतं. कंपनी त्याची आहे, हे तुला माहीत आहे. चहा पाजला, नवीन नाटकाची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हणाला, "खुशाल, बायकोच्या पार्टाले नागपूरची पोरगी आणून राह्यलो, करिष्मा. नाचते चांगली. सोनीबाईचं आता गुडघ्यानं होत नाई. लोकायले ताजं पाह्यजे." मी चहाची बशी खाली ठेवली. तो म्हणाला, "मी सांगितलं तर घर डोक्यावर घेईन ते. तू सांग. तुह्यं आयकते."

मी "हो" म्हटलं, रश्मी. माझाही पार्ट त्याच्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात फोन घेऊन उभा राहिलो. सोनीबाईचा नंबर लावला. ती नेहमीसारखी म्हणाली, "बोला नवरोजी." मी तोंड उघडलं. आणि काही आलंच नाही. घसा दुखला नाही, खवखवला नाही, नुसता वारा. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. मी फोन बंद केला.

तेव्हापासून ती रोज मामीला फोन करून माझी चौकशी करते. तिला वाटतं मला मोठा आजार झाला. तिचा मध मी दोन वेळा चमच्यानं खातो आणि प्रत्येक वेळी तिचं ते "हॅलो, हॅलो" ऐकू येतं. तिकडे तालमी सुरू झाल्या. तिला धनराजभाऊनं सांगितलं आहे की खुशाल बरा होईपर्यंत थांबलो आहोत. इकडे मी मनाशी म्हणतो, आवाजच नाही तर कसं सांगणार? म्हणजे बघ, गळ्यानं मला किती छान सोय करून दिली. हे तुझ्या डॉक्टरला कळलं होतं, म्हणूनच मी पळालो.

आता एक कर. तू सोनीबाईला फोन कर आणि माझ्याकडून सांगून टाक. तू शिकलेली आहेस, नीट शब्दांत सांगशील.

आणि तुझ्या परीक्षेसाठी: उभी राहशील तेव्हा आधी श्वास पूर्ण बाहेर सोड, आत घ्यायची घाई करू नको, तो आपणच येतो. दोन्ही पाय जमिनीवर दाब. आणि सगळ्या मंडपाला सांगायला जाऊ नको, एकाच माणसाला सांग.

तुझा,
मामा

---

चंद्रपूर
२६ ऑक्टोबर २०२४

मामाजी,

नाही. मी फोन करणार नाही. धनराजभाऊंचं वाक्य तुम्ही घेतलंत आणि तुमचा गळा गेला. तेच वाक्य आता मी घेतलं तर माझा जाईल, आणि मला सहा तारखेला तोंडी परीक्षा आहे.

एक मात्र सांगते. तुम्ही वाईट आहात म्हणून आवाज गेला नाही. तुम्हाला ते सांगणं सहन झालं नाही म्हणून गेला. निर्लज्ज माणूस तेव्हाच फोनवर सगळं सांगून, मग चहा पिऊन मोकळा झाला असता.

आवाजाच्या ताईंना मी भेटून आले. त्या म्हणाल्या, आधी हलकं खोका, आणि खोकल्याच्या शेवटाला जोडूनच ओठ मिटून "म्म्म" करा. जोर लावू नका. आणि सिंदेवाहीला जा. आवाजाची वाट बघत बसू नका.

रश्मी

---

मुलचेरा
३ नोव्हेंबर २०२४

चि. रश्मी,

बस, बूड टेकून बस, कारण हे मोठं आहे.

मी सिंदेवाहीला जायला निघणारच होतो. (मामी म्हणते, खोटं लिहू नका. बरं, मनात निघालो होतो.) तेवढ्यात बाजाराच्या दिवशी मासोळीच्या ओळीत उभा असताना मागून आवाज आला, "नवरोजी!" तीन गाड्या बदलून, दुखरा गुडघा घेऊन सोनीबाई मला पाहायला आली होती. हातात पिशवी, पिशवीत आणखी मध.

"काय म्हणते डॉक्टर? मले खरं सांग. कॅन्सर हाय का?"

मी मान हलवली. ती म्हणाली, "मंग काऊन तोंड लपवून राह्यला?"

आवाज नव्हता आणि कागद नव्हता. मग मी करून दाखवलं. पोट पुढे काढून धनराजभाऊ झालो, मिशीवर ताव दिला. मग कंबर लचकवून नागपूरची पोरगी झालो. मग सोनीबाई झालो, स्वतःचाच गुडघा धरून वाकलो. मग हात हलवून "जा" असं केलं. लोक गोळा झाले. मासोळीवाला बंगाली दादा काटा खाली ठेवून पाहू लागला. सगळे हसून राहिले, टाळ्या वाजवून राहिले. एकटी सोनीबाई हसत नव्हती.

"कवापासून माहीत हाय तुले?"

मी ऑगस्ट कसा दाखवू? पोळा दाखवला. कपाळाला बोटांची शिंगं लावून बैल झालो, आणि हात मागे मागे नेला.

"पोळ्याच्या आधीपासून?" ती म्हणाली. "म्या इकडे तुह्यासाठी मध पाठवून राह्यली, तुह्या नावानं रडून राह्यली, अन् तू धनराजचा निरोप पोटात घेऊन बसला? मले त्यानं काहाडलं ते जाऊ दे. तो मालक हाय. तू कोण हाय माह्या?"

आणि मग तिनं ते म्हटलं, रश्मी. कमरेवर हात ठेवून, अख्ख्या बाजारासमोर.

"तसाबी तुले कुठी अभिनय येते? अठरा वर्षं लोक माह्यावर हासले, अन् तुले वाटलं तुह्यावर हासून राह्यले!"

"काय बोलली?" मी म्हटलं. "पुन्हा बोल!"

दोन ओळी पलीकडे कोथिंबीरवाली वळून पाहायला लागली. मला कळलंच नाही. मी पुढे चालू, "सिंदेवाहीच्या मंडपात तू वाक्य विसरली तवा कोणं सांभाळलं? मुखड्यावर मिशी उलटी लावली तवा कोणं सांभाळलं?"

"ते मिशी तुह्यी होती!" ती ओरडली. आणि मग थांबली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. एकदम हळू म्हणाली, "आला?"

मी गळ्याला हात लावला. म्हटलं, "आला."

"मंग थांबू नोको. बोल. अजून बोल."

आम्ही तिथेच भांडलो. अठरा वर्षांचं जे जे उरलं होतं ते सगळं. लोकांनी दाद दिली. मासोळीवाल्या दादानं आम्हाला बसायला पोतं टाकून दिलं, आणि त्या पोत्यावर बसल्यावर सोनीबाई रडायला लागली. मोठ्यानं नाही. पदर तोंडात धरून. मीही रडलो, कांद्याशिवाय. लोकांना वाटलं हाही नाटकाचाच भाग, कोणीतरी दहाची नोट ठेवून गेलं.

घरी येऊन मी धनराजभाऊला फोन केला. आवाज घोगरा होता, पण होता. म्हटलं, सोनीबाईला सांगितलं. तो म्हणाला, "वा! मंग सोमवारपासून तालमीले ये." मी म्हटलं, "येत नाई. तिच्यासंग बोलावलं तर येतो." त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी माझ्या पार्टाला दुसरा माणूस घेतला म्हणून कळलं. रडावंसं वाटलं, तेही केलं. मामी म्हणाली, "आता सवयच लागली यायले."

सहा तारखेला पाय दाबून उभी राहा.

मामा

---

चंद्रपूर
९ नोव्हेंबर २०२४

मामाजी,

तुमचं पत्र मी दिव्यानीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणते, मुलचेऱ्याचा बाजार कोणत्या दिवशी असतो?

आता माझं ऐका. श्वास सोडला, पाय दाबले, आणि तरीही तळहात ओले झाले. मॅडमनी पाहिलं. म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "भीती वाटते, मॅडम." वाटलं, संपलं. तर त्या म्हणाल्या, "बरं. मग भीतीचंच सांग. आत्ता तुझ्या अंगात कोणती ऊती काय करते आहे?"

मामाजी, हा प्रश्न मी कितीतरी आठवडे जगत होते! म्हटलं, हाताचा घाम ज्या ग्रंथीतून येतो ती अभिस्तर ऊतीची. जीभ कोरडी, कारण लाळग्रंथीपण अभिस्तर. पोटात पिळतंय तो आतड्याचा स्नायू, हृदय धडधडतंय तो हृदयाचा स्नायू, आणि या सगळ्यांना कामाला लावतेय ती चेता. मॅडम म्हणाल्या, "आणि चौथी?" चौथी गेली डोक्यातून. मी तुमचा मंडप डोळ्यांपुढे आणला, तर मला फक्त पोतं आणि मासोळी दिसली. नाही आठवली.

तरी पास झाले. काठावर. मॅडम म्हणाल्या, "संयोजी. आता आयुष्यात विसरणार नाहीस." रात्री जेवले, दोन वेळा भात घेतला. डाळ खरंच वाईट आहे, मामाजी, ते मी खोटं लिहिलं नव्हतं.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नापास झाली तं झाली, मले काऊन नाई सांगितलं?" आणि मग फोनवर अर्धा तास रागावली.

तुम्ही पार्ट सोडलात ते वाचून अभिमान वाटला आणि काळजीपण वाटली. मन खचलं तर त्या दुसऱ्या चिठ्ठीची आठवण ठेवा. मी तिची झेरॉक्स काढलेली आहे.

रश्मी

---

मुलचेरा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. रश्मीस,

पास झाल्याबद्दल तुझ्या मामीनं खीर केली आणि ती आम्हीच खाल्ली.

मनाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. आवाज मध्ये दोनदा पुन्हा दबला होता, म्हणून गेलो. भला माणूस आहे, तासभर ऐकत राहिला, मला वाटलं तिकीट काढून बसला आहे. पुढच्या महिन्यात परत बोलावलं आहे. गावात नावानं गोष्टी झाल्याच, पण त्या मीच सांगत फिरलो, तेव्हा जरा बऱ्या झाल्या.

आमचं म्हणशील तर बाजारातलं भांडण पाहिलेल्या एका गावच्या मंडळानं मंडईच्या जत्रेला बोलावलं. दिवसा करायचा दंडारीचा खेळ, गाणी आणि सोंगं, दोघांचाच. एक ढोलकी, दोन खुर्च्या. सोनीबाई खुर्चीवर बसूनच भांडते, गुडघा सांभाळून. लोक हसले. आणखी दोन गावांनी विचारलं आहे. सीझनच्या कमाईच्या मानानं हे काहीच नाही, हे तुला खोटं कशाला लिहू?

परवा दुपारची गोष्ट. सोनीबाई दंडारीची तालीम करून परत निघाली होती, मी तिला गाडीपर्यंत सोडायला निघालो. रस्त्यात धनराजभाऊच्या कंपनीची जीप आली. वर भोंगा, दोन्ही बाजूंना रंगीत बॅनर. बॅनरवर नागपूरची करिष्मा आणि तिच्या शेजारी माझ्या जागेवर घेतलेला माणूस, डोक्याला माझ्यासारखाच फेटा. भोंगा ओरडत होता, "झाडीपट्टीची नवी जोडी! हसून हसून पोट दुखेल!" जीप आमच्याजवळ आली तशी हळू झाली. ड्रायव्हरनं ओळखलं असावं. मग त्यानं वेग वाढवला.

सोनीबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. धूळ खाली बसेपर्यंत उभीच राहिली.

मला बोलायचं होतं. गळा मोकळा होता, श्वास पूर्ण होता, जिभेवर चांगली दोन वाक्यं तयार होती, एक धीराचं आणि एक हसवायचं. तिनं माझ्याकडे न पाहताच म्हटलं, "काई बोलू नोको, खुशालभाऊ."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. बसस्टॉपपर्यंत आम्ही तसेच चालत गेलो, तिच्या गुडघ्याच्या चालीनं. गाडी आली, ती चढली, खिडकीतून हात केला. मीही केला.

घरी आलो तर मामीनं विचारलं, "काय झालं? परत गेला का आवाज?"

मी म्हटलं, "नाही. आहे."

तुझा,
खुशालमामा